वीस खुर्च्यांची सभा

"वीस खुर्च्या बास," आबा सरनोबत म्हणाले.

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. चेष्टा करत असतील म्हणावं, तर आबांना चेष्टा जमत नाही. त्यांची करावी लागते.

"आबा, वार्षिक सभा हाय न्हवं? सभासद तीनशेच्या वर. वीस खुर्च्यांत काय एकमेकाच्या मांडीवर बसायचं?"

"येतंय कोण सभेला, तिबिल्या? मॅच हाय काय ती? वीस लाव. त्यातल्या चौदा मोकळ्याच राहत्यात."

"आणि माईक?"

"सहा माणसांत माईक कशाला?"

तिथं माझ्या मनात पाल चुकचुकली. सभा रविवारी, आज गुरुवार, आणि किती माणसं येणार हे ह्या माणसाला आजच ठाऊक.

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. कोल्हापूरच्या बाहेरच्यांना सांगायला पाहिजे म्हणून सांगतो. आमच्याकडं तालीम म्हणजे नुसती कुस्तीची जागा नाही. प्रत्येक तालमीची फुटबॉलची टीम असते आणि टीममागं अख्खी पेठ असते. आमची झुंजार तालीम. जर्सी जांभळी. आमच्या टीमचे समर्थक गॅलरीत कुठं बसणार, हलगी कोण वाजवणार, झेंडा कोण धरणार, भांडण झालं तर मिटवायला कोण जाणार, हे सगळं आमचं समर्थक मंडळ ठरवतं. मंडळाचे अध्यक्ष आबा सरनोबत. बांधकामाचे ठेकेदार, पांढरे कपडे, पायात कर्रकर्र वाजणारं कापशीचं पायताण. माणूस चालत आला की आधी आवाज यायचा, मग आबा.

माझा मंडपाचा धंदा. तिबिले मंडप डेकोरेटर्स, गोडाऊन तालमीच्या मागच्या भिंतीला लागून. आणि धंद्यापेक्षा माझं नाव जास्त खोड्यांसाठी. बुरूज तालमीनं फायनल जिंकली त्या वर्षी त्यांच्या विजयी मिरवणुकीत जांभळं रंगवलेलं बकरं कुणी सोडलं, हे अजून त्यांना कळलेलं नाही. आता कळेल. असू दे.

तर मुद्दा सभेचा. मंडळाच्या घटनेत नियम असा होता की सभेला शंभर माणसं लागतात. तेवढी नाही भरली तर सभा अर्धा तास तहकूब. अर्ध्या तासानं त्याच जागी सभा परत सुरू, आणि तेव्हा जेवढे हजर असतील तेवढ्यांनी ठरवायचं, दोघं असले तरी चालतंय. हा नियम आबांनीच आणला होता. त्यामुळं त्यांची पद्धत ठरून गेलेली. सभेची सूचना लावायची तालमीतल्या फळ्यावर, त्या फळ्यासमोर लंगोट वाळत घालायची दोरी. म्हणजे लंगोट बाजूला केल्याशिवाय सूचना दिसत नाही, आणि दुसऱ्याच्या लंगोटाला हात कोण लावतोय? रविवारी दहाला सहा माणसं जमायची. तहकूब! मग सहाही जण हळदकराच्या दुकानात मिसळ खायला. अर्ध्या तासाचा पाऊण तास व्हायचा, कधी तास. परत येऊन ढेकर देत सगळे ठराव मंजूर.

खुर्च्या माझ्याच असल्यामुळं हा खेळ मी तीन वर्षं कोपऱ्यात उभा राहून बघत होतो.

"ह्या वेळी काय मंजूर करायचंय आबा?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"थोडी घटनादुरुस्ती. सभासद म्हणजे पेठेत जन्मलेला पुरुष. बाहेरनं आलेलं कोण नको. आणि झेंडा सभासदाच्याच हातात. शिस्त पाहिजे का नको?"

"पाहिजे की."

"मग लाव वीस खुर्च्या."

पायताण कर्रकर्र करत गेलं. मी तिथंच गाद्यांच्या ढिगावर बसलो. आबांनी नाव घेतलं नव्हतं, पण घ्यायची गरजच नव्हती. आमच्या गॅलरीत झेंडा धरणारी बाई एकच होती, आणि ती जन्मानं पेठेतली नव्हती.

शालन इंगवले. आम्ही सगळे वहिनी म्हणतो. माहेर गडहिंग्लज, आणि आमच्याकडच्या बायकांसारखं बोलणं 'येतो, जातो'चं. नवरा दिनकर, आमच्या टीमचा एकेकाळचा सेंटर फॉरवर्ड आणि नंतर गॅलरीत झेंडा धरणारा, आजारपणात गेला त्याला तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली होती. तो गेल्यावरच्या पहिल्याच मॅचला वहिनी गॅलरीत आल्या, दिनकरच्या जागेवर बसल्या, आणि कोपऱ्यात पडलेला झेंडा उचलून उभ्या राहिल्या. कुणी नको म्हटलं नाही. घटनेत बाई चालते असं लिहिलं नव्हतं, चालत नाही असंही लिहिलं नव्हतं. त्यांच्या मागनं पेठेतल्या बायका यायला लागल्या. बघता बघता आमच्या गॅलरीची एक बाजू बायकांची झाली, आणि शिट्ट्या पुरुषांपेक्षा तिकडनं जोरात.

ह्या सभेच्याच वर्षी सेमीफायनलला दगडफेक सुरू झाली होती. इकडनं आम्ही, तिकडनं बुरूजवाले. आबा कठड्यावर उभं राहून "शांत रहा, शांत रहा" ओरडत होते आणि त्यांच्याच मागनं दगड जात होते. वहिनी झेंडा खांद्यावर घेऊन दोन्ही गॅलऱ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत गेल्या आणि नुसत्या उभ्या राहिल्या. दोन्हीकडचे दगड थांबले. बुरूजवाल्यांच्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी चहाच्या गाडीवर कुणीतरी बोललं, "पुढच्या वर्षी अध्यक्ष वहिनीच." वहिनींनी ऐकलं आणि म्हणाल्या, "राहतो की उभी. काय हरकत हाय?"

हरकत आबांना होती.

मी तडक वहिनींच्या घरी गेलो. तिथं गफूर मुल्ला मशीन घेऊन बसला होता. गफूर शिंपी, माझा शाळेपासूनचा दोस्त. झेंडा दर वर्षी तोच शिवतो, आणि वहिनींच्या सोप्यात बसून शिवतो, कारण जांभळं कापड त्याच्या दुकानात बसतच नाही एवढं लांब.

मी सगळं सांगितलं. गफूरच्या पायाखालचं मशीन थांबलं.

"म्हणजे हा कुणासाठी शिवालोय मी?"

वहिनींनी चहा ठेवला. साखर दोनदा घातली.

"मी जन्मलो गडहिंग्लजला, ते काय मला विचारून व्हय?" त्या म्हणाल्या. "आणि झेंडा काय म्हणून सोडायचा? त्यांच्या हातातला हाय तो."

"सोडायचा न्हाईच," गफूर म्हणाला. "तीनशे माणसं गोळा करतो रविवारी दहाला. घरोघर फिरतो. बघतो आबा कसं मंजूर करतंय."

"तीनशे दिसली की आबा सभाच पुढं ढकलणार," मी म्हणालो. "आणि मग कधीतरी गपचूप भर दिवाळीत घेणार. त्यापेक्षा सभा पडू दे. दहाला एक माणूस फिरकायचं न्हाई. आबा तहकूब करणार आणि मिसळीला जाणार. अर्ध्या तासानं सभा त्याच जागी सुरू. नियम काय म्हणतो? हजर असतील त्यांनी ठरवायचं. आबा हजर असतील असं कुठं लिहिलंय?"

गफूरला आधी कळलं नाही. मग कळलं. मग तो कापडात तोंड घालून एवढा हसला की सुई टोचून घेतली.

"तिबिल्या, अरं काय डोकं म्हणायचं का काय हे?"

"पाच मिनिटांत आपले ठराव मंजूर. आबा परत येईपर्यंत अध्यक्ष नवीन. त्यांचाच नियम, त्यांचीच मिसळ."

वहिनी हसल्या नाहीत. कपबश्या पुढं ठेवत म्हणाल्या, "बघू."

"बघू काय वहिनी? दिनकरनं मोकळा गोल सोडला तेवढा बास झाला. तुम्ही तरी सोडू नका."

बोललो आणि जीभ चावली. कारण ती गोष्ट त्या घरात कुणी काढत नाही. दिनकरच्या उमेदीतली फायनल, बुरूज तालमीबरोबर. एक-एक बरोबरी, शेवटची मिनिटं. बुरूजचा गोलकीपर पुढं आला, घसरला, खांबावर डोकं आपटून आडवा झाला. रेफ्रीनं शिट्टी मारली नव्हती. बॉल दिनकरच्या पायात, समोर मोकळा गोल. आणि ह्या गड्यानं बॉल साईडला बाहेर मारला आणि पळत जाऊन त्या कीपरचं डोकं मांडीवर घेतलं. पुढं टायब्रेकर झाला, आम्ही हरलो. पेठेनं त्याला वर्षभर सोडलं नाही. चहाच्या गाडीवर गेला की पोरं म्हणायची, "दिन्याचा कप बाहेर ठेवा रे." दिनकर हसायचा आणि बाहेर उभं राहून चहा प्यायचा.

वहिनींनी कप माझ्याकडं सरकवला. म्हणाल्या, "चहा घ्या भावजी, गार हुतोय."

आता खरं अवघड काम. तीनशे माणसं गोळा करणं सोपं आहे, एक हलगी वाजवली की झालं. तीनशे माणसं आवाज न करता गोळा करणं, ते पण आमच्या पेठेत, हे आजवर कुणी केलेलं नाही. आमची माणसं मयताला गेली तरी दोन गल्ल्या पलीकडं कळतं. गफूर टेप गळ्यात घालून शर्टाची मापं घ्यायच्या निमित्तानं घरोघर फिरला. मी मंडपाचं भाडं विचारायच्या निमित्तानं. ज्याला सांगितलं त्याला शपथ घातली की बायकोला सांगायचं नाही. मग कळलं की बायकांना वहिनींनी आधीच सांगितलंय आणि नवऱ्यांना सांगायचं नाही म्हणून शपथ घातलीय.

रविवारी मी तालमीच्या माडीवरच्या हॉलमध्ये वीस खुर्च्या लावल्या. आबा दहाला आले. बरोबर नेहमीचे चार जण आणि सेक्रेटरी पोवार सर. आबा टेबलामागं बसले. रस्ता ओस. हॉलच्या खिडकीतनं बघितलं तर खाली एक कुत्रं आणि गफूर.

"काय रे, आज गल्लीत कोणच दिसत न्हाई?" आबा म्हणाले.

"कुठं लग्न असंल," मी म्हणालो.

"एवढ्या सगळ्यांचं?"

"मोठं असंल."

पोवार सरांनी घड्याळ बघितलं, माणसं मोजली, मान हलवली. आबा उठून उभे राहिले आणि त्या रिकाम्या खुर्च्यांना उद्देशून गंभीरपणानं म्हणाले, "गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब करण्यात येत आहे." मग माझ्याकडं वळून, "तिबिल्या, खुर्च्यांवर लक्ष ठेव."

"ठेवतो की आबा. निवांत खावा."

जिन्यावर गफूर भेटला त्यांना. ठरल्याप्रमाणं. "आबा, परवा पोरं विचारत हुती, तुम्ही बॅकला खेळत असताना तो कोपऱ्यातनं मारलेला गोल, तो नेमका कसा हो?" आबा जागच्या जागी थांबले. हा गोल आबा सांगायला लागले की दोन मिसळी संपतात. "चल," ते गफूरच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "बसून सांगतो."

पायताणाचा आवाज कोपऱ्यावरनं वळला. मी माडीच्या मागच्या दारातनं गोडाऊनकडं रुमाल हलवला.

आणि पेठ आली.

काय सांगू तुम्हाला. गोडाऊनच्या कनातींमागनं, बोळातनं, परसातल्या भिंतीवरनं. सगळ्यांच्या हातात चपला! कारण आमच्या पेठेत न वाजणारी चप्पल घालणं कमीपणाचं. म्हातारे धोतर सावरत, बायका पदर खोचून, दोन पैलवान तर अंगाला माती तशीच, मेहनत अर्धी सोडून आलेले. प्रत्येक जण जाताना माझ्या गोडाऊनमधली एक खुर्ची डोक्यावर घेऊन जिना चढत होता. पांढऱ्या खुर्च्यांची रांगच्या रांग चाललीय आणि आवाज म्हणाल तर नुसता श्वासाचा. एक जण शिंकला तर चौघांनी त्याचं नाक धरलं.

हॉल भरला. गॅलरीत बसतो तसंच बसलो, एका बाजूला बायका. अर्धा तास झाला. आबांचा पत्ता नव्हता. मी टेबलाजवळ गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोललो.

"तहकूब सभा सुरू झालीय. अध्यक्ष हजर न्हाईत, तेव्हा आजच्या सभेपुरता अध्यक्ष निवडायचा. मी वहिनींचं नाव सुचवतो."

हात वर झाले. सगळे. बाहेर एक पारवा घुमत होता, तेवढाच काय तो आवाज. वहिनी उठल्या, आबांच्या खुर्चीत बसल्या. जांभळी साडी नेसल्या होत्या. माझा तेव्हाच ऊर भरून आला. मी टेबलावर वाकलो आणि म्हणालो, "वहिनी, आता पटापट. पहिला ठराव, जन्माची अट नामंजूर. दुसरा, बायका सभासद. तिसरा, नवीन अध्यक्ष. हात वर, हात खाली. आबांनी दुसरी मिसळ मागवली असणार."

वहिनींनी हॉलभर नजर फिरवली.

"आबा कुठं हैत?"

"मिसळीला! तीच तर गंमत हाय."

"मग थांबूया."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "थांबायचं न्हाई वहिनी, न थांबणं हीच तर सगळी—"

"भावजी, ते सभासद हैत का न्हाईत?"

"हैत, पण—"

"मग त्यांच्या माघारी त्यांचा ठराव कसा पाडायचा?"

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मागनं एक पैलवान म्हणाला, "ते नाय आपल्या माघारी करत?" बायकांतनं कुणीतरी म्हणालं, "शालन, वेळ घालवू नको गं." मी तर हात जोडले. चार दिवसांची मेहनत, माझ्या जन्मातली सगळ्यात मोठी खोडी, तोंडाशी आलेली, आणि ही बाई थांबूया म्हणतीय.

वहिनी उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला.

"परवा भावजी म्हणाले, दिनकरनं मोकळा गोल सोडला. खरं हाय. तुम्ही सगळ्यांनी त्यांना वर्षभर बोल लावला, मला ठाऊक हाय. एक गोष्ट तुम्हाला ठाऊक न्हाई. त्या मॅचला मी हुतो. आमच्या गडहिंग्लजातनं ट्रक भरून आलो हुतो बघायला. तवा ह्या स्थळाला मी न्हाई म्हणत हुतो. कोल्हापूरची पोरं लई माजाची, मला नको म्हणून. वडील म्हणाले, एकदा पोराला खेळताना बघ, मग काय ते सांग. आणि ह्या माणसानं समोर रिकामा गोल असताना बॉल बाहेर मारला आणि त्या पडलेल्याकडं पळाला. मी ट्रकमधनं परत जाताना वडिलांना हो म्हणालो. तुम्ही कप गमावला त्या दिवशी. मला माणूस मिळाला. आता त्यांच्याच झेंड्यासाठी मोकळ्या गोलात मारू व्हय?"

एक म्हातारा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होता. मी खाली बघितलं. टेबलाला एक खिळा वर आला होता, तो अंगठ्यानं दाबत बसलो.

"जावा भावजी," वहिनी म्हणाल्या. "आबांना बोलवून आणा. म्हणावं, सभा थांबलीया."

गेलो. काय करणार.

हळदकराच्या दुकानात आबांचा बॉल अजून कोपऱ्यातनं हवेत होता. मिठाची डबी म्हणजे गोलपोस्ट, ब्रेडचे तुकडे म्हणजे बुरूजचे खेळाडू. पोवार सर तिसऱ्यांदा कट मागवत होते. गफूरनं मला बघितलं आणि विजयाच्या थाटात भुवया उडवल्या. मी मान हलवली. त्याचं तोंड उतरलं.

"आबा," मी म्हणालो, "सभा थांबलीया."

"कुणासाठी?"

"तुमच्यासाठी."

आबा हसले. "सहा माणसांची सभा, सहाही हितं. कोण थांबलंय? खुर्च्या?"

"चला तर खरं."

जिना चढताना त्यांचं पायताण वाजत होतं. कर्र, कर्र. वर पोचले आणि दारातच आवाज बंद झाला. तीनशे माणसं मांडीवर चपला घेऊन बसलेली, त्यांच्याकडं बघत. कुणी हसलं नाही, कुणी शिट्टी मारली नाही. त्या दिवशी आमच्या माणसांनी जेवढं तोंड आवरलं तेवढं नंतर कधी आवरलेलं नाही.

वहिनी खुर्चीवरनं उठल्या. "या आबा. ही खुर्ची तुमची. तहकूब सभा सुरू झालीया. ठराव काय घेतला न्हाई अजून. तुमचा ठराव तुम्ही मांडा."

आबा तिथंच उभे. बघता बघता त्यांना सगळं कळलं. खुर्च्या, रिकामी गल्ली, गफूर, गोल. त्यांनी माझ्याकडं बघितलं. आयुष्यात इतक्या जणांनी माझ्याकडं इतक्या रागानं बघितलंय, पण तसं कुणी नाही. मग त्यांनी वहिनींकडं बघितलं.

"माझ्या माघारी करता आलं असतं," ते म्हणाले.

"आलं असतं."

"मग?"

"तुम्ही समोर पाहिजे हुता."

आबा पुढं आले. खुर्चीत बसले नाहीत, टेबलाला धरून उभे राहिले आणि ठराव मांडला. हे मात्र मानलं पाहिजे, गुंडाळला नाही. सभासद म्हणजे पेठेत जन्मलेला पुरुष, सगळं स्पष्ट बोलले, घाम पुसत बोलले. मतदान झालं. बाजूनं पाच हात, त्यातला एक अर्धाच. विरुद्ध हॉल. मग वहिनींचे ठराव. पेठेत जन्मलेला, पेठेत सून म्हणून आलेली, पेठ सोडून उपनगरात गेलेला पण मॅचला येणारा, सगळे सभासद. मंजूर. मग त्यांनी एक ठराव मांडला जो माझ्या योजनेत नव्हता. अर्ध्या तासाचा नियम रद्द. शंभर नाही भरली तर सभा पुढच्या रविवारी, आणि आदल्या दिवशी पेठेत हलगी फिरवायची.

"वहिनी," मी कानाशी जाऊन म्हणालो, "तो नियम ठेवा की. उद्या आपल्याला लागंल."

"म्हणूनच काढालोय," त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी नवीन नियमानं निवडणूक झाली. हलगी फिरली, हॉलमध्ये माणूस मावेना. वहिनी अध्यक्ष झाल्या. आबांनी फेटा बांधला त्यांना. बांधताना म्हणाले, आम्हा जवळच्यांनाच ऐकू गेलं, "दिन्याला त्या मॅचनंतर सगळ्यात जास्त शिव्या मीच दिल्या हुत्या."

"ठाऊक हाय," वहिनी म्हणाल्या. "फेटा जरा घट्ट बांधा, झेंडा धरायचाय."

माझी खोडी फुकट गेली ती गेली. बकऱ्याची गोष्ट मी आमच्याच चारचौघांत सांगून हसतो. ही सांगताना मात्र बाहेरच्या पेठेतला माणूस समोर असला की मी ताठ बसतो. विचारतो, तुमच्या पेठेत सभा थांबते काय रे कधी कुणासाठी?

आमच्याकडं थांबते. तेव्हापासनं पद्धतच पडलीय. दर वर्षी हॉल भरला, पोवार सरांनी माणसं मोजली की वहिनी माझ्याकडं बघतात आणि म्हणतात, "भावजी, मिसळीच्या दुकानात कोण राहिलंय का बघून या." मी जातो. बहुतेक वेळा कुणी नसतं. कधी एखादा बुरूजवाला बसलेला असतो, त्यालाही विचारून येतो, येतोस काय म्हणून.

ह्या वर्षी गेलो तर आबा बसले होते. आता हातात काठी आलीय, पायताण पण नवीन, अजून वाजतं. समोरची ताटली कधीच रिकामी झाली होती, ब्रेडचा तुकडासुद्धा नव्हता. दाराकडंच बघत बसले होते.

"आलास?" ते म्हणाले. "म्हटलं अजून कोण कसं आलं न्हाई बोलवायला."

"चला आबा. सभा थांबलीया."

"थांबू दे की जरा," आबा म्हणाले, आणि खुर्चीत मागं टेकले. "बरं वाटतंय."